पालथा रांजण

खानावळीच्या दारात आलेल्या गाडीवानाला 'या, जेवा' म्हणायचं नसतं. 'बैल सोडा' म्हणायचं. बीडला बाजारगल्लीत आमच्या दारापुढं गाडीची घुंगरं वाजली की माझी सासू चुलीपुढनं न हलता आवाज द्यायची, "बैल सोडा रं!" पाणी आहे, लिंबाची सावली आहे, भाकरी तव्यावर आहे, हे सगळं त्यात आलं. ते दोन शब्द ऐकले की गाडीवानाचे खांदे खाली यायचे, ते मी आयुष्यभर बघितलं.

मला लिहिता येत नाही. भाच्याची बायको शाळेत शिकवते, ती दिवाळीच्या अंकासाठी लिहून घेतेय. मी 'लई' म्हणते, ती 'फार' लिहिते. लिही बाई, तुझी शाई. पण गोष्टीतली माणसं बोलतील तिथं हात लावायचा नाही, एवढं मी तिला बजावलंय. मेलेल्या माणसांना आता शुद्ध बोलायला मी कुठनं शिकवू?

लोकांना वाटतं, खानावळ चवीवर चालते. चव पाहिजेच, पण आमची खानावळ चालायची चढावर. बिंदुसरा नदी ओलांडून आलेली गाडी घाटाचा चढ चढायची, आणि चढ संपतो तिथं आमचं दार. तिथवर येईस्तोवर बैलांच्या तोंडाला फेस आलेला असायचा. गाडीवानाला पुढं जायचं असलं तरी बैलांना नसायचं. दिंद्रुडच्या गाड्या, चकलांब्याच्या गाड्या, शिरूरकडचे बाजरीवाले, सगळे त्या चढापायी आमचे. माझ्या सासऱ्यानं जागा निवडली तेव्हा चव-बिव काही बघितलं नव्हतं, बैलांचा दम बघितला होता. सासरे गेले, मग माझा मालकही गेला. राहिलो आम्ही दोघी विधवा, आत्याबाई म्हणजे माझी सासू आणि मी कौसा. निजामाचं राज्य, बायकांनी खानावळ चालवायची म्हणजे लोक तोंडावर पदर घेऊन हसायचे. हसले आणि जेवून गेले.

आमच्या दारात एक मोठा रांजण असायचा. तो भरलेला, वर झाकणी आणि तांब्या, म्हणजे खानावळ चालू. सणासुदीला बंद असली तर तांब्या आत. आणि रांजण पालथा दिसला, तर घरात मयत झालीय, आज चूल नाही, गाडी पुढं न्या. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. आमच्या धंद्यात ते सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे गेले तेव्हा पालथा घातला होता, मालक गेले तेव्हा पालथा घातला होता. एरवी त्याला कुणी आडवासुद्धा करत नसे, धुवायचा तर जागेवर उभाच धुवायचा.

गिऱ्हाइकं काय एकेक! कचेरीतला एक कारकून जेवताना डोळे मिटून घ्यायचा, म्हणायचा, हैदराबादच्या जेवणाची आठवण काढतो. पिठलं-भाकरी खाताना हैदराबाद! आत्याबाई म्हणायची, "मिटू दे डोळं, पिठल्यात खडा निघाला तरी दिसत न्हाई त्याला."

पण माझ्या मनात राहिला तो दिंद्रुडचा दगडू गाडीवान. उंच, वाळका, बोलणं मोठं. पान वाढलं की तो आधी भाकरीचे दोन चतकोर मोडायचा, उठायचा, दोन्ही बैलांना हातानं भरवायचा, मग हात धुऊन जेवायला बसायचा. "बाई, वढलंय त्यांनी, आन् मी आधी खाऊ?" म्हणायचा. त्याचे बैल पांढरे, शिंगं थोडी आत वळलेली. चढ संपला की आपोआप आमच्या दारात थांबायचे आणि आत बघायचे. दगडू गाडीत झोपलेला असला तरी.

आणि माझ्या भाकरीला नावं ठेवायचा, मेला. "बाई, तुमची भाकर पातळ हाय. आमच्या मुक्तीची भाकर बघा, उशाला घिऊन झोपावं अशी." मुक्ता म्हणजे त्याची बायको.

"मग तिचीच खा की. हितं कावून येतोस बे?"

"ती हितं कुटं हाय?" म्हणायचा, आणि तिसरी भाकरी मागायचा.

त्या वर्षी उंदीर पडायला लागले. आधी आडतीत, मग आमच्या गल्लीत. उंदीर पडले म्हणजे मागनं गाठीचा रोग येणार, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. दवंडी झाली, गल्ली खाली करा, रानात झोपड्या घाला. माणसं चूलबोळकी घेऊन रानात गेली. दोन दिसांत अख्खी बाजारगल्ली मोकळी. मग सरकारी माणसांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या रचल्या, पुरुषभर उंच, आणि नदीकडच्या तोंडाशी एक जवान बसवला. करीमखाँ त्याचं नाव. मिशा मोठ्या आणि जीव भित्रा.

आम्ही गेलो नाही. आत्याबाई मागच्याच महिन्यात घाटावर पाय घसरून पडली होती, तिला जागचं हलवत नव्हतं. शेजारी म्हणाले, खाटेवरून नेऊ. ती म्हणाली, "खाटंवरनं मी येकदाच जानार हाय, आन् ते आज न्हाई." संपलं. गल्लीत आम्ही दोघी राहिलो, ज्वारीची कणगी राहिली आणि पारवे राहिले.

त्या दिवसांचं मी काय सांगू? खरं झालेलं कोणतं आणि मला दिसलेलं कोणतं, ते माझं मलाच कळत नाही. बंद दुकानांच्या फळ्यांवर ऊन सावकाश सरकायचं आणि मी ते बघत बसायची. कापसाचा पुंजका वाऱ्यानं गल्लीभर फिरायचा, आमच्या उंबऱ्याशी यायचा, थांबायचा, परत जायचा. चालत्या बाजारात मला कधी ऐकू आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा ऐकू यायचं. लिंबोळी पडल्याचा आवाज यायचा. आत्याबाईच्या बांगड्यांचा यायचा. माझ्या भाकरी थापण्याचा आवाज गल्लीच्या त्या टोकाला जाऊन परत यायचा, आणि वाटायचं, तिकडंही कुणी बाई बसलीय आणि माझ्याबरोबर थापतेय. मी थांबले की ती थांबायची.

आणि थापताना हात थांबायचा नाही हो! जेवणाऱ्या दोघी, पण हात आपला पंगतीच्या अंदाजानं पीठ घ्यायचा. गल्ली बंद केल्याचा हुकूम हाताला कुणी दिलाच नव्हता. दुरडी भरायची. मग त्या भाकरी मी उन्हात वाळवायची, थोड्या करीमखाँला द्यायची. तो आधी म्हणायचा, "नक्को बाई, हुकूम नहीं." मग इकडं तिकडं बघून घ्यायचा.

दुपारी डोळा लागायचा. झोपेत घुंगरं ऐकू यायची. धुरासारखा उजेड, त्यातनं पांढरे बैल चढ चढतायत, गाडी दिसत नाही, नुसते बैल. मी झोपेतच म्हणायची, "बैल सोडा." माझ्याच आवाजानं जाग यायची. आतनं आत्याबाई विचारायची, "कोन आलं गं?"

"कुनी न्हाई, आत्याबाई."

पुढं पुढं तिनं विचारायचं सोडलं. मी ओरडले की ती आतनं शांतपणे म्हणायची, "दिंद्रुडचे असतील." मग आम्ही दोघी आपापल्या जागी गप्प पडून ऐकत राहायचो. खरं सांगते, त्या वेळी घाबरायला पाहिजे होतं, पण मला बरं वाटायचं.

पण घुंगरं सगळीच स्वप्नातली नव्हती. खाली नदीत खरोखर वाजत होती. गल्ली बंद, म्हणून गाड्यांनी पात्रातनं वाट काढली होती. वाळूतनं, खडकाच्या कडेनं, गावाच्या पलीकडच्या अंगाला थेट. चढच नाही! आणि तिथं एकानं पाल ठोकून भजी तळायला घेतली होती, शिवाय चहा नावाचं तांबडं पाणी. काट्यांच्या फटीतनं मला त्याचा धूर दिसायचा. मी ते आत्याबाईला सांगितलं.

"रोग येतो आन् जातो, कौसा," ती मग म्हणाली. "पर येकदा मोडलेली वाट माघारी येत न्हाई. बैलांच्या पायाला चढ न्हाई ही सवय लागली, की आपली चूल इझली. माझं काय, मी पिकलं पान. तू कुटं जाशील?"

मला माहेर नव्हतं. खानावळ गेली तर दुसऱ्याच्या घरी धुणी-भांडी, नाहीतर रानात मजुरी. त्या दिवसापासनं मी तो धूर बघायचं सोडलं नाही.

अशात करीमखाँ नवा हुकूम घेऊन आला. साठवलेलं पाणी सांडा, मोठी भांडी पालथी घाला, चुना मारा. मी म्हणलं, रांजण नाही पालथा घालायचा. तो म्हणाला, "मेरी नौकरी जाती, बाई." बिचारा रडकुंडीला आला. गल्लीत बघायला आहे कोण, असं मनाशी म्हणून मी रांजण पालथा घातला. नदीतनं आमचं दार दिसतं, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. मला नदी दिसत होती आणि नदीला मी दिसत नाही असं कसं वाटलं मला, देव जाणे.

आठ-दहा दिवसांनी सकाळी काट्यांपलीकडनं हाक आली. "बाई! ओ बाई!"

मी धावत गेले. फटीतनं बघते तर दगडू, मागं चकलांब्याचे दोघं, शिरूरचा एक. सगळ्यांची डोकी उघडी, पागोटी काखेत. दगडूच्या हातात बैल हाकायची पराणी, तिच्या टोकाला एक गठुडं बांधलेलं. नेहमी एवढा बोलणारा माणूस, खाली बघत म्हणाला, "आमाला उशिरा कळलं, बाई. रांजण दिसला. म्हातारी लई मायाळू हुती. घास आनलाय."

आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे-शेजारी भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. पण खानावळवालीला गिऱ्हाइकांनी घास आणल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. आणि तोही रोगाच्या गल्लीत, जिकडं सख्खा भाऊ पाय टाकत नव्हता.

करीमखाँ उठला. "नक्को! चीज अंदर नक्को जाती!" मग त्यानं त्यांच्या उघड्या डोक्यांकडं बघितलं, गठुड्याकडं बघितलं, आणि बंदूक भिंतीला टेकवली. "मैं वजू को जातूं. मैंने कुछ देख्या नहीं," म्हणत नमाजाआधीचे हात-पाय धुवायला नदीकडं निघून गेला. दगडूनं पराणी उचलली, काट्यांवरनं अलगद पुढं केली, आणि गठुडं माझ्या ओंजळीत उतरलं. अजून ऊन होतं ते.

मला हसू का रडू कळेना. मी म्हणलं, "दगडू, आरं कुनी मेलं न्हाई! सरकारनं पालथा घालाय लावला रांजण!"

दगडूचा चेहरा असा उतरला! जित्या माणसाच्या घरी मरणाचा घास आणणं म्हणजे केवढा अपशकुन. माघारी तर नेता येत नाही, नेला तर नेणाऱ्याच्या घराला लागतो म्हणतात. चौघंही तोंडाला हात लावून उभे. तेवढ्यात मागनं काठीचा आवाज आला. आत्याबाई! महिन्याभरात न उठलेली बाई काठी टेकत, भिंत धरत दारापर्यंत आली होती.

"मी कवा मेले रं, दगड्या? मला कुनी सांगितलं न्हाई ते!"

"चूक झाली, आत्याबाई! पाया पडतो!"

"चूक कसली? आपल्या मरनाची भाकर आपल्यालाच खाया मिळावी, ह्ये राजालासुदा घडत न्हाई. आन गं हिकडं, कौसा. बघू तरी मी मेल्यावर लोक काय खाया घालनार हायत ते!"

ती तिथंच दारात बसली, गठुडं सोडलं आणि खायला लागली. काट्यांपलीकडं चार बाप्ये हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही घास घेतला. भाकरी जाड होत्या, उशाला घ्याव्यात अशा. ही मुक्ताच्या हातची, मी ओळखलं. नदीपलीकडच्या मुक्कामापर्यंत नवऱ्याबरोबर येऊन तिनं पहाटे थापल्या होत्या, ते मला मागनं कळलं.

माणसं गेल्यावर आत्याबाई हसायची थांबली. राहिलेल्या भाकरीवर हात ठेवून म्हणाली, "मेलं कुनी न्हाई असं म्हनू नगं, कौसा. आपली वाट मेलीय. तिचा घास समज ह्यो." आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं, मुलगा गेला तेव्हाही नव्हती रडली.

रोग ओसरला. काट्या काढल्या, माणसं परतली, दुकानांच्या फळ्या निघाल्या. मी रांजण घासून, उभा करून, काठोकाठ भरला आणि तांब्या असा ठेवला की नदीतनं ऊन पडल्यावर चमकावा. पण गाडी येईना. घुंगरं वाजायची ती खाली, पात्रात. मी घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. ओळखीचे गाडीवान हात करायचे, "येतो बाई, उद्या येतो!" आणि बैल आपले वाळूतनं सरळ. चव आठवत होती त्यांना, खोटं कशाला बोलू? पण चढही आठवत होता. पुढं आत्याबाईनं सांजच्याला थापायचं पीठ निम्मं केलं.

मग चकलांब्याचा एकजण सांगत आला, दगडू गेला. गाठ आली आणि तीन दिसांत गेला. महिना उलटून गेला होता.

तो घास! जित्या घरी आणलेला घास त्यालाच तर लागला नाही? आत्याबाई म्हणाली, "जा. त्याच्या घरचा घास आपुन खाल्लाय." दिंद्रुड काही जवळ नाही. शेजारणीवर आत्याबाईला सोपवून परतीच्या एका गाडीत बसले, शेवटच्या मुक्कामाला तीन दगड मांडून भाकरी थापल्या, आणि गठुडं घेऊन दगडूच्या दारात उभी राहिले. मुक्ता बाहेर आली. लहानखुरी, पांढऱ्या कपाळाची. मी कधी बघितलं नव्हतं तिला, पण तिच्या भाकरीवरनं मला ती धिप्पाड वाटायची.

"तुमी खानावळीच्या कौसाबाई," ती म्हणाली.

मी गठुडं उंबऱ्यावर ठेवलं. म्हणलं, "मुक्ता, तुमचा घास आमी जित्तेपनी खाल्ला गं. त्येच्यापायी तर काय झालं नसंल?"

"आसं कावून म्हनता? लई दिस हसत हुते ते. म्हनायचे, म्हातारी आपल्या मरनाची भाकर खाताना अशी बसली हुती, लग्नातली वरमाय जशी." मग जरा थांबून तिनं विचारलं, "बाई, माझी भाकर कशी हुती? ते तर कवा सांगायचे न्हाईत."

म्हणजे बघा! आमच्याकडं तिचं कौतुक, आणि घरी तोंडातनं शब्द नाही. मी सांगितलं, दर खेपेला आमच्या पंगतीत बसून तो तिच्या भाकरीचे कसे गोडवे गायचा ते, उशीसकट. ती हसायला लागली आणि हसता हसता माझ्या गळ्यात पडून जी रडली, ती रडली. तिच्या पुढ्यात मी माझी पातळ भाकर मोडली. तिनं खाल्ली.

परत येताना तिच्या दिरानं मला गाडीत घेतलं. दगडूचीच गाडी, तेच पांढरे बैल. कापूस भरलेल्या आणखी तीन-चार गाड्या मागं होत्या. दीर तरणा, बीडला नवखा. मी कापसावर पडल्या पडल्या डुलत होते, ऊन डोळ्यांवर, आणि घुंगरं आत वाजतायत की बाहेर कळत नव्हतं. नदी लागली. पात्रातली वाट रुळून पांढरी झालेली, पलीकडं भज्यांचा धूर. दिरानं विचारलं, "कुनीकडनं घ्यायची, बाई?"

चढाकडनं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण भरल्या गाडीला कशाला चढ चढायला लावायचा, तोही दुःखातल्या घराच्या गाडीला? म्हणलं, "पात्रातनं घे, बाबा. मी उतरते हितं."

त्यानं कासरा ओढला. बैल वळेनात. पराणी लावली, तरी नाही. मान खाली घालून दोघंही घाटाकडं ओढायला लागले, आणि चढ चढायला लागले. फेस आला, गुडघे टेकायला आले, थांबले नाहीत. मागच्या बैलांचं काय, पुढची गाडी जाईल तिकडं तेही निघाले. चढ संपला, आणि आमच्या दारात येऊन ते दोघं उभे राहिले.

दिरानं हाकललं. हलेनात. मान वळवून गाडीकडं बघत होते, कुणी उतरतंय का. मी उतरले. आत जाऊन तव्यावरची भाकरी घेतली, दोन चतकोर मोडले, एकेकाच्या तोंडापुढं हातावर धरले. त्यांनी माझा हात हुंगला, बराच वेळ हुंगला. मग खाल्लं.

मागच्या गाडीवाल्यानं बसल्या जागेवरनं विचारलं, "मावशी, खानावळ चालू हाय का?"

मी तोंड उघडायच्या आत चुलीपुढनं आत्याबाईचा आवाज आला.

"बैल सोडा रं!"